चित्रपटातील तरवार : लाकडाची आणि पोलादाची

— एक सेवानिवृत्त शिक्षक, सुरगाणा



स्मरणिकेसाठी दरवर्षी मजकडून एखादा ऐतिहासिक लेख मागविण्याचा प्रघात आपल्या मंडळाच्या चिटणिसांनी पाडला आहे. यंदाचा विषय पाहून काही वडीलधारी मंडळी म्हणतील की, मास्तरांना या वयात सिनेमाचे वेड लागले. त्यांस माझी एवढीच विनंती आहे की, लेख शेवटपर्यंत वाचावा व मग दोष द्यावा. पडद्यावर विजेसारखी चमकणारी तरवार बरेचदा लाकडाची असते, आणि लाकडाशी आपल्या सुतार ज्ञातीचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे आहे. शिवाय या विषयात माझ्या हातून एक मोठी चूक घडलेली आहे. ती आजवर मी चारचौघांत सांगितली नाही. ती येथे प्रांजळपणे सांगितली तर एखाद्या लेकराचा डोळा वाचेल, या हेतूने हा लेख लिहिण्यास मी प्रवृत्त झालो आहे.

सोंगांची तरवार

चित्रपट जन्मास येण्यापूर्वीही तरवारीचा खेळ आपल्या लोकांनी पाहिला नव्हता असे नाही. आपला सुरगाणा तालुका म्हणजे पूर्वीचे एक लहानसे संस्थान. १९४८ साली ते भारतीय संघराज्यात विलीन झाले व नाशिक जिल्ह्यास जोडले गेले. या डोंगरपट्ट्यात होळीनंतरच्या दिवसांत गावोगाव बोहाडा होतो. कोणी त्यास भवाडा म्हणतात. टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या तालावर, देवदैत्यांचे मुखवटे घातलेली सोंगे रात्रभर नाचत येतात. अखेरीस देवी येते, महिषासुर येतो, आणि दोघांचे युद्ध होते. देवीच्या हाती तरवार असते. लहानपणी ते युद्ध पाहताना आम्ही पोरे आईच्या पदराआड तोंड लपवीत असू.

जवळच सप्तशृंगीचा गड आहे. अष्टादशभुजा भगवतीच्या हातांतील आयुधांत खड्गही आहेच. चैत्री यात्रेस गडावर जाणे हा आमच्या घरचा नेम होता. १९६९ च्या चैत्रात, मी दहा वर्षांचा असताना, परतीच्या वाटेवर वणीस एक फिरता तंबू लागलेला होता आणि आत ‘मराठा तितुका मेळवावा’ हा चित्रपट चालू होता. जमिनीवर बसून मी तो पाहिला. घरी आल्यावर वडिलांच्या कामाच्या पडवीतील दोन फळकुटे उचलली आणि धाकट्या भावाशी युद्ध मांडले. वडिलांनी दोघांच्याही पाठीत एकेक धपाटा घालून फळकुटे काढून घेतली. त्या धपाट्यात एक विद्या होती, हे कळण्यास मला पुढे सतरा वर्षे लागली.

वांगणीचे दरोडेखोर

भारतीय चित्रपटाचे जनक धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके हे आपल्याच जिल्ह्यातले. ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी त्यांचा जन्म झाला व १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांनी देह ठेवला. ३ मे १९१३ रोजी मुंबईत त्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ हा मूकपट प्रदर्शित झाला. त्याच साली त्यांनी आपला संसार व कारखाना नाशिकला हलविला, आणि ‘मोहिनी भस्मासुर’, ‘लंकादहन’, ‘कालियामर्दन’ असे एकाहून एक सरस मूकपट नाशिकच्या भूमीवर तयार झाले.

‘राजा हरिश्चंद्रा’च्या वेळची एक हकीकत मनोरंजक आहे. बाहेरची दृश्ये घेण्यासाठी मंडळींनी वांगणी हे गाव निवडले. दादासाहेब मागून येणार होते. नटमंडळी सामानसुमान घेऊन पुढे गेली. सामानात लाकडी तरवारी, ढाली आणि भाले होते. गावकऱ्यांनी ती शस्त्रे पाहिली आणि दरोडेखोरांची टोळी आली अशी वर्दी पोलीस पाटलास दिली. सारी मंडळी अटकेत पडली! सिनेमा म्हणजे काय, हेच कोणास ठाऊक नव्हते, तेव्हा समजावून तरी कसे सांगावे? अखेर दादासाहेब येऊन पोहोचले. त्यांनी कॅमेरा उघडून दाखविला, फिल्म न घालताच नटांकडून प्रसंग करवून घेतला, तेव्हा कोठे अधिकाऱ्यांची खात्री पटली आणि मंडळी सुटली.

या गोष्टीवर आपण हसतो. परंतु मला तीत आणखी एक अर्थ दिसतो. ज्या कोणा कारागिराने त्या लाकडी तरवारी घडविल्या, त्याचे नाव इतिहासात कोठेही नाही. पण दिवसाढवळ्या, जवळून पाहूनही, एका गावास त्या खऱ्या वाटल्या. याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणत्या सुतारास मिळाले असेल?

कोल्हापूरची शाळा

फाळक्यांचा भर देवादिकांच्या कथांवर होता. मराठ्यांच्या इतिहासातील तरवार खऱ्या अर्थाने पडद्यावर आली ती कोल्हापुरात. शाहू महाराजांनी त्या नगरीत कुस्तीला राजाश्रय दिला. १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले. पेठापेठांतून तालमी होत्या आणि तेथे कुस्तीबरोबर लाठी, पट्टा, ढाल-तरवार हे मर्दानी खेळही चालत. अशा नगरीत बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजेच कलामहर्षी बाबूराव पेंटर (१८९०–१९५४), यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. मेस्त्री घराण्यात हस्तकौशल्याचा वारसा होता. बाबूरावांनी आपले चुलतबंधू आनंदराव यांच्यासह नाटकांचे पडदे रंगविले. चित्रपटाचा ध्यास दोघांनाही लागला होता. परंतु १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढे दामल्यांच्या साहाय्याने बाबूरावांनी कॅमेरा स्वतःच्या हाताने बनविला. विलायतेहून यंत्र येईल तेव्हा काम सुरू करू, असे म्हणत ते बसले नाहीत, ही गोष्ट आपल्या कारागीर तरुणांनी ध्यानात ठेवावी.

त्यांच्या ‘सैरंध्री’ (१९२०) या पहिल्याच चित्रपटात कीचकवध इतका हुबेहूब उतरला की, प्रेक्षकांतील स्त्रिया भयभीत झाल्या व तो भाग कापावा लागला. याच कृतीबद्दल लोकमान्य टिळकांनी बाबूरावांस ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. तीन वर्षांनी, १९२३ साली, ‘सिंहगड’ आला. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसऱ्यांनी कोंढाणा घेतला, त्या प्रसंगावर हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी घराघरांत वाचली जात होतीच. बाबूरावांनी ती पडद्यावर आणली. रात्रीच्या देखाव्यांसाठी त्यांनी विजेच्या कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. आपल्या देशात त्या काळी ही अपूर्व गोष्ट होती. तानाजीची भूमिका बाळासाहेब यादव यांनी केली, आणि शेलारमामा झाले होते एकवीस-बावीस वर्षांचे शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढील काळातील व्ही. शांताराम. ऐंशी वर्षांच्या वृद्धाने हाती तरवार धरून कसे उभे राहावे, हे मिसरूड फुटलेल्या तरुणास करून दाखवावयाचे होते! या चित्रपटास एवढी गर्दी लोटली की, सरकारचे लक्ष करमणुकीच्या धंद्याकडे वळले व करमणूक कर बसला, असे सांगतात. मुंबई इलाख्यात तो कर १९२३ सालीच सुरू झाला, हे मात्र निश्चित.

याच कंपनीत एक मुलगा आला, मास्टर विठ्ठल. ‘कल्याण खजिना’ (१९२४) मध्ये त्याने प्रथम नर्तकीची भूमिका केली. पुढे मुंबईस जाऊन शारदा फिल्म कंपनीच्या साहसपटांत तो असा चमकला की, लोक त्यास ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हणू लागले. घोड्यावरून उडी, भिंतीवरून झेप आणि हाती तरवार, हे त्याचे बिरूद झाले. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला, त्याचा नायकही तोच. परंतु उर्दू उच्चार त्यास साधत ना; म्हणून त्या चित्रपटात नायक बराच वेळ गुंगीत दाखवावा लागला! तरवारीला भाषा लागत नाही, पण बोलपटाला लागते. मूकपटाच्या राज्यात जो राजा होता, तो बोलपटाच्या राज्यात मागे पडला. उत्तरायुष्यात त्याने भालजी पेंढारकरांच्या मराठी चित्रपटांतून लहानमोठी कामे केली. नशिबाचे फेरे असे असतात.

परकी सत्तेला पडद्यावरील तरवारीचेही भय वाटत होते. प्रभात फिल्म कंपनीने १९३० साली शिवचरित्रावर मूकपट काढला. शांताराम स्वतः शिवाजी महाराज झाले होते. त्याचे मूळ नाव ‘स्वराज्याचे तोरण’ असे होते. ‘स्वराज्य’ हा शब्द सरकारला सोसवेना. शेवटी नाव ‘उदयकाल’ करावे लागले. १९३३ साली प्रभातने ‘सिंहगड’ पुन्हा, आता बोलपट म्हणून, केला. १९३६ च्या ‘अमरज्योती’त दुर्गा खोटे यांनी समुद्रावरील लुटारूंच्या राणीची भूमिका केली आणि शस्त्र हे पुरुषांच्याच हाती शोभते, हा समज पुसून टाकला.

भालजी पेंढारकरांनी तर आपले आयुष्यच या विषयास वाहिले. ‘नेताजी पालकर’ (१९३९), ‘थोरातांची कमळा’ (१९४१), ‘बहिर्जी नाईक’ (१९४३), ‘छत्रपती शिवाजी’ (१९५२), ‘मोहित्यांची मंजुळा’ (१९६३) आणि मी तंबूत पाहिलेला ‘मराठा तितुका मेळवावा’ (१९६४) ही त्यांचीच निर्मिती. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळून खाक झाला. त्यांनी तो पुन्हा उभा केला, आणि चारच वर्षांनी ‘छत्रपती शिवाजी’ पडद्यावर आणला. त्यात महाराजांची भूमिका करणारे चंद्रकांत मांढरे आणि त्यांचे बंधू सूर्यकांत यांनी पुढे मराठी ऐतिहासिक पटांवर आपली छाप उमटविली.

न मारण्याची विद्या

आता कोणी विचारील की, पडद्यावर दोघे एवढे तुटून पडतात, मग त्यांस इजा कशी होत नाही? याचे उत्तर असे की, रणातील तरवार ही मारण्याची विद्या, तर पडद्यावरील तरवार ही न मारण्याची विद्या होय. आणि ही दुसरी विद्या पहिलीच्या पोटातूनच निघाली आहे.

आपल्या पूर्वजांनी शस्त्राचा सराव कसा केला, ते पाहावे. आखाड्यात नवशिक्याच्या हाती कोणी नागवी तरवार देत नसे. त्यास फरीगदगा शिकवीत. गदगा म्हणजे चामडे चढविलेली छडी आणि फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल. घोडेस्वारास भाल्याचा सराव करावयाचा तर बोथाटी असे, म्हणजे टोकास फाळाऐवजी चिंध्यांचा गोळा बांधलेला भाला. हे हात बसल्यावर मग ढाल-तरवार, आणि त्याहीपुढे दांडपट्टा. पट्टेकरी माणसाच्या तळहातावरील लिंबू कापून दाखवी, तेव्हा लोक लिंबाकडे पाहत. जाणता मात्र तळहाताकडे पाही. लिंबू कापणे अर्धी कला, हात राखणे पूर्ण कला.

विलायतेतही हेच आढळते. तेथील सरावाच्या तरवारीच्या टोकास बोंड असते आणि तोंडावर तारेच्या जाळीचा मुखवटा चढवितात. मात्र त्यांच्या व आपल्या खेळात एक भेद आहे. त्यांचा भर सरळ पात्याने टोक भोसकण्यावर, आपला भर वाकड्या पात्याने वार ओढण्यावर. मराठ्यांच्या हाती ‘फिरंग’ म्हणून जी सरळ तरवार असे तिचे पाते युरोपातून येई. मूठ मात्र आपल्या पद्धतीची. म्हणजे पोलाद परके, पण हात स्वदेशी!

अमेरिकेत डग्लस फेअरबँक्सच्या ‘द मार्क ऑफ झोरो’ (१९२०) पासून तरवारीच्या चित्रपटांची लाट उसळली. तेथील कंपन्यांनी एक शहाणपण केले. त्यांनी तरवारीचे उस्ताद पगार देऊन नेमले. बेल्जियमच्या सैनिकी शाळेत तयार झालेले फ्रेड कॅव्हेन्स हे त्यांतील नामांकित. सामन्यात मनगटाची हालचाल जेवढी लहान तेवढी चांगली. पण पडद्यावर ती मोठी दिसली पाहिजे आणि तरीही शुद्ध असली पाहिजे, असे त्यांचे धोरण होते. १९३८ च्या ‘रॉबिन हूड’च्या पटात एरॉल फ्लिन नायक व बॅसिल रॅथबोन खलनायक होते. गंमत अशी की, दोघांत तरवारीचा खरा जाणकार रॅथबोन. आणि पडद्यावर हरावयाचे तेही त्यानेच! आपल्याकडे मद्रासच्या जेमिनी स्टुडिओने १९४८ साली काढलेल्या ‘चंद्रलेखा’त हेच दिसते. तरवारबाजीत निपुण असलेला रंजन त्यात खलनायक आहे आणि अखेरच्या प्रदीर्घ द्वंद्वात तो हरतो. समोरच्यास जिंकविण्यासाठी आपल्या अंगी अधिक विद्या लागते, हे आम्हा शिक्षकांस सांगावयास नको.

हे द्वंद्व कवायतीसारखे बसवितात. पहिला वार डोक्याचा, दुसरा डाव्या खांद्याचा, तिसरा कमरेचा, असे एकेक हात अंकांनी ठरवून आधी संथ, मग जलद घोटतात. पात्याची दिशा अंगाबाहेर राखतात. कॅमेऱ्याला एक डोळा असतो. त्याला खोली नीट कळत नाही. त्यामुळे दोघांमध्ये हातभर अंतर असले तरी समोरून पाहणाऱ्यास वार बसलाच असे वाटते. मूकपटाच्या काळी कॅमेरा हाताने फिरवीत. तो जरा सावकाश फिरविला की पडद्यावर हालचाल जलद दिसे. म्हणजे नट बेताने खेळे, आणि प्रेक्षकास वाटे की बिजली नाचते आहे.

हे सारे नियम कशासाठी, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ललिता पवार आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या. १९३१ च्या ‘दिलेर जिगर’ या तरवारबाजीच्या मूकपटाच्या त्या नायिका. १९४२ साली एका चित्रपटाच्या चित्रीकरणात सहनटाने मारावयाची थप्पड खोटी न राहता खरीच जोरात बसली. त्यांच्या चेहऱ्यास अर्धांगाचा विकार झाला व डाव्या डोळ्यास कायमची इजा झाली. नायिकेच्या भूमिका सुटल्या. बाईंनी धीर न सोडता खाष्ट सासूच्या भूमिकांत नाव कमाविले, दूरदर्शनवरील ‘रामायणा’त मंथराही केली, पण एका चुकलेल्या हाताची किंमत जन्मभर मोजली. मुखवटा घालूनही धोका संपत नाही. १९८२ साली रोम येथील जागतिक स्पर्धेत, मॉस्को ऑलिंपिकचा सुवर्णपदकविजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह याच्या प्रतिस्पर्ध्याचे पाते मोडले, ते जाळीतून शिरून डोळ्यास लागले, आणि तो मृत्यू पावला. त्यानंतर जगभर मुखवट्यांचे व पात्यांचे नियम अधिक कडक झाले.

माझी चूक

आता मूळ गोष्टीकडे येतो. १९८६ सालचा जानेवारी महिना. मी तेव्हा ज्या शाळेत होतो, तेथे वार्षिक स्नेहसंमेलनात ‘तानाजी-उदयभानूचे युद्ध’ हा प्रवेश बसविण्याचे मी अंगावर घेतले. लहानपणी तंबूत पाहिलेली तरवारींची चकमक डोळ्यांपुढे होतीच. मी सुताराचा मुलगा. तरवारी विकत कशाला आणावयाच्या? दोन उत्तम सागाच्या फळ्या घेतल्या, पाती तासली, टोके निमुळती केली, वर चकचकीत बेगड चिकटविली. तरवारी इतक्या सुबक झाल्या की, मीच माझ्यावर खूष झालो. सहशिक्षकांनीही वाखाणणी केली. वार कोणता, अडविणे कोणते, हे मी मुलांस तीन दिवस शिकविले. अंतर किती राखावे, हे मात्र शिकविले नाही. कारण ते मलाच माहीत नव्हते.

संमेलनाच्या रात्री टाळ्यांचा कडकडाट झाला. मुलांस चेव आला. उदयभानू झालेल्या सातवीच्या मुलाचा पाय अंथरलेल्या सतरंजीत अडकला, तो पुढे वाकला, आणि तानाजीच्या तरवारीचे टोक त्याच्या उजव्या भुवईत घुसले. लोकांस वाटले, हाही प्रवेशाचाच भाग. ते टाळ्या वाजवीतच राहिले. मी रंगमंचावर धावलो तेव्हा पोराचा चेहरा रक्ताने माखला होता. त्याच रात्री जीप करून घाटातून त्यास नाशिकला नेले. वाटेत त्याचे डोके माझ्या मांडीवर होते. तो एकदाच बोलला, “गुरुजी, नाटक अर्धेच राहिले ना?” मला उत्तर देता आले नाही. डॉक्टरांनी सात टाके घातले. डोळा वाचला, जखम आणखी अर्धा बोट खाली असती तर वाचला नसता, असे ते म्हणाले. मुलाच्या वडिलांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे झाले असते.

घरी येऊन मी ती तरवार वडिलांपुढे ठेवली. त्यांनी ती हातात तोलून पाहिली. म्हणाले, “सागाची केलीस? एवढी जड? आणि टोक काढलेस?” मी गप्प. मग म्हणाले, “बोहाड्याच्या तरवारी दरसाल या पडवीत होतात. कधी विचारलेस, त्या पांगाऱ्याच्याच का असतात?”

मी कधीच विचारले नव्हते. मॅट्रिक झालो, मास्तर झालो, आणि घरातील विद्या घरातच राहिली. वडिलांनी मला बोहाड्यात अनेक वर्षे महिषासुराचे सोंग घेणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांकडे पाठविले. मी त्यांस म्हणालो, “बाबा, एवढी वर्षे तुम्ही रात्र-रात्र तरवारीसमोर नाचता. कधी लागले नाही?” ते हसले. उभे राहून त्यांनी मला पावले करून दाखविली. संबळाच्या एका ठोक्याला देवी पुढे, दुसऱ्या ठोक्याला असुर मागे; तरवार फिरते ती वार करणाऱ्याच्या स्वतःच्या रिंगणात; समोरच्याने त्या रिंगणाच्या काठावर राहावयाचे, आत यावयाचे नाही. मुखवट्यातून नीट दिसत नाही, म्हणून कानाने खेळावयाचे. “ठोका चुकला की हात खाली,” एवढा एकच नियम त्यांनी मला सांगितला. हॉलिवुडच्या उस्तादांनी जे अंकांनी साधले, ते आमच्या डोंगरात संबळाने साधलेले होते.

आज आणि उद्या

त्यानंतर काळ पुष्कळ बदलला. सिंहगडाची तीच रात्र २०२० साली ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात पुन्हा अवतरली. ‘फर्जंद’ (२०१८), ‘पावनखिंड’ (२०२२) या मराठी पटांनी तरुणांस पुन्हा चित्रपटगृहात ओढले. आता दरीही संगणकावर तयार होते व सैन्यही. तरी समोरासमोर उभ्या राहिलेल्या दोन माणसांचे हात अजून माणसांनाच शिकावे लागतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, चेन्नईची भवानी देवी ही तरवारबाजीत उतरलेली पहिली भारतीय खेळाडू ठरली. पहिला सामना तिने जिंकला, दुसरा गमावला. कन्येने हे द्वार उघडले, याचा मला विशेष आनंद वाटतो. कोल्हापुरात व अन्यत्र मर्दानी खेळांचे आखाडे मुलामुलींस शिकवीत आहेत, हीही समाधानाची बाब.

परंतु शाळाशाळांतून, गणेशोत्सवातून, शिवजयंतीच्या मिरवणुकीतून आपली मुले पडद्यावर पाहिलेले युद्ध आजही उस्तादाविना करीत असतात. म्हणून अनुभवाने विकत घेतलेल्या चार गोष्टी येथे नमूद करतो. तरवार हलक्या लाकडाची असावी. पांगारा, सावर चालेल, साग, शिसव, खैर कदापि नको. टोक गोल असावे आणि धारेची कड रंध्याने बोथट करून वर कापड चिकटवावे, मग बेगड. दोघांत नेहमी पात्याच्या लांबीहून अधिक अंतर राहील, अशी पावलांची खूण जमिनीवर आखावी व तेथे सतरंजी अंथरू नये. वार मोजून ठरवावेत, ऐन वेळी नवा वार काढू नये. आणि डोक्याचा व तोंडाचा वार मुलांच्या खेळातून वगळावा. एवढे पाळले तर आवेशास कोठेही उणेपणा येत नाही.

तो मुलगा आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे. भुवईवरील व्रण अद्याप आहे. गेल्या वर्षी तो मजकडे आला. त्याच्या पुतणीच्या शाळेत शिवजयंतीचा कार्यक्रम होता. म्हणाला, “गुरुजी, दोन तरवारी हव्या होत्या. पांगाऱ्याच्या करा.” माझे हात आता थरथरतात; तरीही वडिलांचा वाकस काढला, त्याच पडवीत बसलो, आणि दोन दिवसांत केल्या. दोन्हींची टोके त्याने स्वतः अंगठा फिरवून तपासून पाहिली व मगच पिशवीत घातल्या. मला वाईट वाटले नाही. तसेच तपासावयास हवे होते. १९८६ साली मी ते केले नव्हते.

ज्ञातिबांधवांनो, आपल्या घरांतील वृद्धांच्या हातांत अशा किती विद्या असतील, याची गणती नाही. कोणते लाकूड कशासाठी, कोणते कशासाठी नाही, हे कोणत्याही छापील पुस्तकात मला आढळले नाही; ते वडिलांना विचारावे लागले, आणि विचारण्यास मला उशीर झाला. आपल्या मुलांनी मोठ्या परीक्षा द्याव्यात, दूरदेशी जावे, चित्रपटही पाहावेत. पण सुटीत घरी आल्यावर एक दिवस पडवीत बसून आजोबांना एखादा प्रश्न विचारावा, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतो.

मंडळाच्या कार्यास उत्तरोत्तर यश लाभो व सर्व ज्ञातिकुटुंबांस श्रीसप्तशृंगी भगवती सुखी ठेवो.